थांबा, ते विचार करतंय!

...आणि मला सांगा, मी असं मागत काय होते? एक मेलेला संगणक! चांगला, शांत, धूळ खात पडलेला, कोणालाही नको असलेला मेलेला संगणक! जगात रोज इतके मरतात, त्यातला एक माझ्या वाट्याला येऊ नये? तुम्हाला सांगते, विमानात अख्खा वेळ मी त्याचंच स्वप्न बघत होते. आत्याच्या खोक्यांच्या कारखान्यात, मागच्या खोलीत, पुठ्ठ्याच्या थप्प्यांआड ते असणार... पेटीएवढा पडदा, पिवळा पडलेला कीबोर्ड, वर बोटभर धूळ. मी हळूच फडका फिरवणार. आत्या म्हणणार, "अगं, हे भंगार कशाला उकरून काढलंस?" आणि मी म्हणणार, "आत्या, हे भंगार नाही! तुझ्या पर्समधल्या फोनचे हे खापरपणजोबा आहेत!" मग मी बटण दाबणार, पडदा उजळणार, कारखान्यातली माणसं गोळा होणार, कोणाच्या तरी डोळ्यांत पाणी येणार... एकाच्या तरी! एवढंच. फार नव्हतं हो माझं मागणं!

आणि सापडलं काय? चालू! नुसतं चालू नाही, कामावर! पुसून लख्ख केलेलं, अगदी ऐटीत बसलेलं, आणि अख्खं ऑफिस त्याच्या धाकात!

मी दार ढकललं, बॅगेसकट आत शिरले आणि ओरडले, "आत्या, मी आले!" कोणी हललं नाही. म्हणजे हललंच नाही हो! एकाचा चहाचा कप ओठांपाशी थांबलेला. एक बाई जांभईच्या ऐन मध्यावर. कटर चालवणारा माणूस, त्याला सगळे कटरवालाच म्हणतात, तो एक पाय वर उचलून बगळ्यासारखा उभा. आणि माझी सख्खी आत्या, जिनं मला खांद्यावर बसवून फिरवलं, ती माझ्याकडे बघतेय, डोळ्यांत प्रेम आहे, पण हात पसरायची हिंमत नाही! मला वाटलं, दरोडा पडलाय. तेवढ्यात खुर्चीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी, मान न वळवता, बोट वर केलं आणि पुटपुटले,

"थांबा. ते विचार करतंय."

हे रेघकाका. आत्याच्या कारखान्यात खोक्यांची आरेखनं हेच काढतात, म्हणून रेघकाका. आणि 'ते' म्हणजे ते! माझं वर्कस्टेशन, आरेखनं काढायला बनवलेला तो जुना संगणक! त्याच्या पडद्यावर एक छोटंसं घड्याळ गरगरत होतं आणि बाजूला विटेएवढ्या डिस्कवर लाल दिवा लुकलुकत होता. दिवा विझला. मग काय, कप ओठांना लागला, जांभई पुरी झाली, पाय खाली आला, आणि आत्या धावत येऊन गळ्यात पडली. "कशी वाळलीस गं! प्रवास कसा झाला?" जणू मध्ये काही घडलंच नाही!

आता मी काय शिकून आले ते ऐका, म्हणजे माझं दुःख कळेल. मी शिकले जुन्या संगणकांचं जतन. घरात हे सांगायची सोय नाही. माझे सख्खे काका म्हणाले, "म्हणजे दुरुस्ती?" नाही. "मग विक्री?" नाही काका, जतन. "म्हणजे... नुसतं ठेवून द्यायचं?" तसंच काहीसं. "अगं, मग एवढ्या लांब कशाला गेलीस? आमच्या माळ्यावर तेच चाललंय, तेही फुकट!" आता ह्यांना काय सांगायचं? की बाबांनो, पडद्यावर एकावर एक उघडणाऱ्या खिडक्या, इकडेतिकडे पळणारा तो बाण, दाबलं की खाली उतरणारी यादी, कागद ठेवायला चित्रातले कप्पे, हे सगळं आकाशातून नाही पडलं! असल्याच यंत्रांवर ते सगळं वाढलं, रांगायला लागलं! त्यांचा वारसा तुमच्या खिशात आहे! काका म्हणाले, "माझ्या खिशात चष्मा आहे."

पण मी खचले नाही. परत आले ती ठरवूनच. आत्याच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर एक हॉल रिकामा आहे. तो आहे नगराच्या सभागृह समितीचा. मी विद्यापीठातूनच पत्रं लिहून लिहून समितीला भंडावून सोडलं होतं, की इथे संगणकांचं संग्रहालय हवं, मुलांना आपलं मूळ कळायला हवं. समितीचे अध्यक्ष शेवटी म्हणाले, "ठीक आहे. पण हॉलमध्ये निदान एक चालू यंत्र दिसलं पाहिजे. सोमवारी दुपारी बघायला येऊ. नाही दिसलं, तर हॉल व्यायाम मंडळाला." म्हणजे पैलवान! वजनं! माझ्या स्वप्नाच्या छाताडावर वजनं!

म्हणून ते यंत्र मला वर हवं होतं. सोपं काम. खालून वर. पंधरावीस पायऱ्या. हो की नाही?

पण आधी ते समजून तर घ्यायला हवं! मी रेघकाकांच्या खुर्चीत बसले, माउस हातात घेतला... अंगावर काटा आला हो! ह्या माउसच्या पोटात गोळी नसते, दिवा असतो. खाली चकचकीत धातूची पाटी, तिच्यावर बारीक रेघांची जाळी, तो त्या रेघा बघत चालतो. मी भक्तिभावानं हात वर सरकवला. बाण उजवीकडे गेला. उजवीकडे सरकवला. बाण खाली! डावीकडे नेला तर साहेब वर!

"काका, हे बिघडलंय!"

"बिघडलंय?" काका दुखावले. "बेबी, ते आल्या दिवसापासून असंच आहे."

मग उलगडा झाला. बसवणाऱ्यानं पहिल्याच दिवशी ती पाटी टेबलावर आडवी ठेवली, आणि सरकू नये म्हणून आत्यानं ती चिकटवली. कशानं? कारखान्याच्या गोंदानं! अहो, ह्यांच्या खोक्यांचं काय वाटेल ते होईल, पण ह्यांचा गोंद! टेबल तुटेल, पाटी सुटायची नाही! तेव्हापासून इथे वर म्हणजे उजवीकडे. सगळे तसंच शिकले. नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतात, "इकडे प्रसाधनगृह, तिकडे पाणी, आणि वर म्हणजे उजवीकडे."

बरं, तेवढ्यावर भागलं असतं तर मी कशाला तुमचं डोकं खाल्लं असतं? आत्यानं मध्यंतरी तीन नवे लॅपटॉप घेतले होते. छान, पातळ, लखलखीत. मी म्हटलं, चला, सुधारणा! बघते तर प्रत्येकानं नवा माउस आडवा धरलेला! शेपटी पडद्याच्या बाजूला नाही, डावीकडे! का? तर हाताला तीच सवय! बटण दाबायचं अंगठ्यानं! आणि एका बाईंनी तर माउसच बाद केला होता. त्यांनी लॅपटॉपच काटकोनात वळवून ठेवलेला, बोट लॅपटॉपवरच्या चौकोनावर, आणि मान अशी... अशी खांद्यावर टाकून वाचतायत! म्हटलं, मान दुखत नाही? तर म्हणाल्या, "नाही हो, आता सरळ केली की दुखते."

आणि लाल दिवा! तो तर कळसच! फार वर्षांपूर्वी कोणीतरी पुठ्ठ्याचा गठ्ठा धाडकन टाकला, डिस्कला हादरा बसला, आणि यंत्र आजारी पडलं. तेव्हापासून नियम, दिवा लुकलुकत असेपर्यंत कोणी पाऊल टाकायचं नाही. मान्य. त्या काळच्या डिस्कला हादरा सोसत नाही, मी स्वतः त्यावर निबंध लिहिलाय. पण हे लॅपटॉपला कशाला? लॅपटॉपलाही एक बारका दिवा असतो, चार्जिंगचा. तो विझतच नाही! पहिल्या दिवशी तिन्ही लॅपटॉप लावले, तिन्ही दिवे लागले, आणि अख्खं ऑफिस जिथल्या तिथे उभं! जेवणाची वेळ टळली तरी उभं! आत्या मला कौतुकानं सांगत होती, "एवढा विचार करतात गं ही नवी यंत्रं! शेवटी वीज गेली म्हणून सुटलो. तेव्हापासून त्या दिव्यांवर पुठ्ठा चिकटवलाय."

म्हणजे बघा, मी जगभर सांगत फिरत होते की जुन्या यंत्रांचा नव्यांवर प्रभाव पडतो. मला वाटलं होतं, खिडक्यांचा पडतो, बाणाचा पडतो. इथे मानेचा पडला होता!

पण माझा मुद्दा हॉलचा. मी आत्याला बाजूला घेतलं. "आत्या, मला ते वर हवंय. संग्रहालयात. तुझं नाव लावीन मोठ्या अक्षरांत."

"आणि खोकी कोण काढणार? तुझं मोठं अक्षर?"

"लॅपटॉपवर निघतील. सगळी आरेखनं मी आजच त्यात उतरवते. माउस सरळ धरायचा, की झालं!"

आत्याच्या कपाळावर एक आठी येते आणि हळूहळू डावीकडून उजवीकडे सरकते. मागून रेघकाका हलक्या आवाजात म्हणाले, "थांबा. त्या विचार करतायत." आणि सगळे थांबले! मीही थांबले हो! काय करणार?

"एक दिवस," आत्या म्हणाली. "शनिवारी ते बंद ठेवू. त्याच्यावाचून माझं काम एक दिवस धड चाललं, तर सोमवारी सकाळी ने वर. नाही चाललं, तर पुन्हा विषय काढायचा नाही. कबूल?"

कबूल! मी तर नाचले. शेजारी दिवा लुकलुकतोय हे विसरून नाचले, सगळ्यांनी डोळे वटारले, ते सोडा.

शनिवारी मी प्रत्येकाचा माउस सरळ केला. प्रत्येकाचा लॅपटॉप सरळ केला. त्या बाईंची मानही जवळजवळ सरळ केली. आणि भाषण दिलं! "मित्रहो, आजपासून वर म्हणजे वर!" टाळ्या नाहीत. रेघकाकांनी नुसतं, "वर म्हणजे वर... बरं," असं म्हटलं, कोणी घर सोडताना म्हणावं तसं. बूटवाल्या दुकानदाराची खोक्यांची ऑर्डर होती. काकांनी काढायला घेतली. भराभर! मी खूश. म्हटलं, बघा, माणूस बदलतो! संधी द्यावी लागते!

आता मला कोणी सांगितलं होतं का, की काका पडद्याकडे बघतच नाहीत? जुन्या यंत्रात रेघ उमटायला वेळ लागतो, म्हणून ते हाताकडे बघून काढतात, सगळं काढून झालं की थांबतात, आणि मग एकदाच पडद्याकडे वळतात. त्यांचा हात गेला जुन्या वळणानं, बाण गेला नव्या वळणानं. आणि वळून बघितलं तेव्हा हाताबरोबर त्यांची मानही तिरकी! त्या मानेला ते बरोबरच दिसलं! त्यात आणखी एक गंमत. जुन्या पडद्याची डावीकडची चार बोटं पट्टी कायमची काळी पडलीय, तिथे काढलेलं दिसतच नाही. म्हणून काका डावीकडे कधीच काही काढत नाहीत. म्हणूनच ह्यांच्या सगळ्या खोक्यांवर डावी बाजू कोरी. पाकिटांवर कोरी. कारखान्याच्या पाटीवरसुद्धा नाव उजवीकडे दाटीवाटीनं आणि डावीकडे मोकळं मैदान! शेजारच्या कारखान्यानं ही फॅशन समजून उचलली, म्हणे!

सोमवारी सकाळी बूटवाला आला. त्यानं नवं खोकं उचललं. खोकं वर आलं. बूट खालीच राहिला.

मी सांगते काय झालं होतं. लांबीच्या जागी उंची आणि उंचीच्या जागी लांबी. खोकं मनोऱ्यासारखं उभं, बूट आत टाचेवर उभा राहील असं. आणि डावीकडे सोडलेली ती कोरी चार बोटं? ती आडवं-उभं झाल्यावर आली तळाशी! म्हणजे तळच नाही!

बूटवाला खोक्यातून माझ्याकडे बघत होता. इकडून डोळा, तिकडून डोळा. "बेबी," तो म्हणाला, "मी खोकी मागितली होती. ह्या बाह्या आहेत."

आत्यानं फक्त जाऊन वर्कस्टेशनचं बटण दाबलं. घर्र... कट्-कट्... लाल दिवा. सगळ्या ऑफिसनं एकच सुस्कारा सोडला आणि जागच्या जागी थिजलं. बूटवालासुद्धा! डोळ्याला खोकं लावून! त्याला काय माहीत नियम? पण जुना ग्राहक आहे ना!

झालं. विषय संपला. दुपारी समिती आली तेव्हा मी वर रिकाम्या हॉलच्या मधोमध उभी. माझ्याजवळ दाखवायला काय? मी! अध्यक्षांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "यंत्र?"

"खाली आहे. म्हणजे... वर येणार होतं."

"अस्सं." मागे दोन सदस्य, आणि त्यांच्या मागे दारातून आडवे होऊन आत आले ते पैलवान. व्यायाम मंडळाचे प्रमुख. स्वभावानं फार नम्र माणूस, खोटं कशाला बोलू? हातात एक डंबेल. "नमुन्याला आणलंय," ते लाजत म्हणाले, "एकदम हलकं आहे." आणि त्यांनी ते अलगद... त्यांच्या मते अलगद... खाली ठेवलं.

धप्प!

खालून किंकाळी आली. रेघकाकांची. मग काहीच नाही. शांतता. तुम्हाला सांगते, अशी शांतता मी आयुष्यात ऐकली नाही. आणि त्या शांततेत माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हॉल ह्यांना गेला तर हे रोज होणार. धप्प, धप्प, धप्प, आणि एक दिवस ते संपणार. मग मला काय मिळणार? एक मेलेला संगणक! चांगला, शांत, धूळ खात पडलेला, कोणालाही नको असलेला! मी मागितला होता अगदी तस्साच! ... नको झाला हो मला! एकदम नको झाला!

मी धाडकन... नाही, धाडकन नाही, हळूच, जमिनीवर पालथी पडले आणि फरशीला कान लावला.

"चक्कर आली का हो त्यांना?" अध्यक्ष पुढे झाले. पाऊल उचललं. आणि माझ्या तोंडून, माझ्या ह्या तोंडून, लांबच्या विद्यापीठात शिकलेल्या तोंडून निघालं,

"थांबा! ते विचार करतंय!"

अध्यक्ष एका पायावर थांबले. सदस्य थांबले. पैलवान तर श्वास धरून थांबले. आणि फरशीतून, लांबून, खालून... कट्... कट्-कट्... घर्र...

"जिवंत आहे!" मी कुजबुजले.

"कोण?" अध्यक्ष.

"यंत्र. ऐका ना. इथे कान लावा."

मला वाटलं, आता हे मला उचलून बाहेर ठेवणार. पण माणसाचं काही सांगता येत नाही. अध्यक्षांनी रुमाल पसरला, गुडघा टेकला आणि आडवे झाले. मग एक सदस्य. मग दुसरे, "कुठे? कुठे? मला नाही येत," करत सरपटत कोपऱ्यापर्यंत गेले. शेवटी पैलवान, अख्खी जमीन व्यापून. दार उघडून आत्या आली तर सभागृह समिती पालथी! आत्या माझ्याकडे बघून म्हणाली, "हे तू लांब शिकून आलीस का?"

पण पैलवानांचा गाल फरशीला चिकटलेला होता आणि डोळे मिटलेले. "धडधडतंय हो," ते म्हणाले. "लहान बाळाच्या छातीला कान लावल्यासारखं." आणि तुम्हाला सांगते, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं! शेवटी एकाच्या तरी! त्यांनी डंबेल उचललं, छातीशी धरलं, आणि चवड्यांवर चालत निघून गेले. दारातून म्हणाले, "आम्ही मैदानात करू व्यायाम."

अध्यक्ष कपडे झटकत उभे राहिले. "यंत्र चालू आहे, हे समितीनं स्वतःच्या कानांनी पाहिलं. हॉल तुमचा. लोकांनी इथे यावं, आडवं व्हावं, आपला वारसा ऐकावा. पण लक्षात ठेवा, चालू यंत्र! ते बंद पडलं की हॉल परत."

मी म्हटलं, बंद कसं पडेल? कधीच नाही! तेव्हा आत्या म्हणाली, "पडेल ना. रेघकाका महिनाअखेर मुलीकडे राहायला जातायत. ही लॅपटॉपवाली मंडळी फोटो नि पत्रं करतात, ह्याच्यावर खोकं काढणं एकट्या काकांनाच येतं. काम नसेल तर मी ते नुसतं पेटतं ठेवणार नाही. तुझी दुर्मीळ वस्तू असेल, माझं ते अवजार आहे." आणि मग आत्यानं माझ्याकडे बघितलं. काकांनी बघितलं. तिरक्या मानेच्या बाईंनी तिरकं बघितलं.

मी म्हटलं, "उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या खुर्चीत बसले. बरोबर माझी बाटली घेऊन. जतनाच्या कामाचं द्रावण असतं आमच्याकडे, भला भला गोंद सुटतो त्यानं. म्हटलं, शिकायचंच आहे तर नीट शिकू. ही पाटी सोडवते, सरळ करते, चार थेंबांचं काम! मग वर म्हणजे वर, आणि मान म्हणजे मान! बूच उघडलं. बाटली तिरपी केली. आणि तेवढ्यात, नको तेव्हा, माझ्या शिक्षणातला पहिला धडा आठवला. की वस्तू जशी आयुष्यभर वापरली गेली तशीच ठेवायची, आपण शहाणपणा करून ती सुधारायची नाही. परीक्षेत मला ह्याच उत्तराला पैकीच्या पैकी होते हो! आता ही वस्तू कुठे सुरू होते नि कुठे संपते? पाटी तेवढी? की गोंद? की टेबल? की काकांचा हात, त्या बाईंची मान, कारखान्याच्या नावाच्या पाटीवरचं ते मोकळं मैदान?

मागे सगळं ऑफिस चिडीचूप. कप ओठांपाशी. जांभई मध्यावर. कटरवाला एका पायावर. आणि रेघकाकांचा तो हलका आवाज,

"थांबा. ती विचार करतेय."

मी बूच लावलं. बाटली बॅगेत टाकली. माउस हातात घेतला आणि उजवीकडे जायचं होतं म्हणून, मुकाट्यानं, हात वर सरकवला.

हल्ली मान जरा दुखते. पण रेघ सरळ येते.